काडीची जागा

किती वाजले हे कळायला वहिनींना घड्याळ लागत नसे. टाचा ठणकल्या की सकाळ सरली, पोटऱ्या भरून आल्या की दुपार, आणि कंबर बोलायला लागली की शटर ओढायची वेळ. त्या दिवशी मात्र कंबर सकाळीच बोलायला लागली होती, कारण कँटीनबाईंनी परत पाठवलेला खोका ओट्यावर उघडा पडला होता. आत धुरी दिलेल्या मांसाचे मोठे तुकडे होते. वरून बघाल तर काय रंग, काय तकाकी. पण एक तुकडा बाईंनी मुद्दाम हाडापर्यंत चिरून पाठवला होता आणि हाडाभोवती मांस गुलाबी, ओलं, सरळसरळ कच्चं होतं.

ही दुसरी खेप. पहिल्या वेळी बाई फोनवर हसून म्हणाल्या होत्या की होतं एखाद्या वेळी. या वेळी त्या हसल्या नाहीत. कारखान्याची अख्खी पाळी त्यांच्या हातचं जेवते, एकाचं पोट बिघडलं तरी बोट त्यांच्याकडे वळतं. शनिवारी त्या स्वतः येणार होत्या. माल त्यांच्यासमोर कापायचा. नीट निघाला तर पूर्वीसारखं चालू, नाही निघाला तर कँटीनचं काम दुसरीकडे. आणि कँटीन गेली की दुकान गेलं, हे वहिनींना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. किरकोळ गिऱ्हाईक येतं, गप्पा मारतं, पाव किलोचा तुकडा घेतं आणि जातं. त्यावर दुकान तगत नाही.

दुकान गेलं तर वहिनी एक वेळ सुटल्या असत्या. पायांना आराम मिळाला असता, खोटं कशाला बोला. पण नवऱ्याचं काय करायचं होतं?

त्यांच्या नवऱ्याला गल्लीत नाकशेठ म्हणत. नाक मोठं होतं म्हणून नव्हे, ते चारचौघांसारखंच होतं. पण त्याची करामत मोठी होती. मागच्या खोलीत विटांची जुनी भट्टी होती तेव्हा हा माणूस स्टुलावर चढायचा, धुराड्याची झडप बोटभर उघडायचा, तिथे नाक न्यायचा आणि सांगायचा, "अजून चरबी सुटतेय. थांबा." किंवा, "झालंय. काढा." कधी चुकला नाही. कँटीनबाई माल न्यायला यायच्या तेव्हा विचारायच्या, "शेठ, नाक काय म्हणतंय?" हे म्हणायचे, "झालंय." एवढ्या एका शब्दावर टेम्पो भरला जाई.

मग वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले, त्यांनी धुराची तक्रार केली, आणि लेकीने परगावाहून फोनवरच निकाल लावला की भट्टी पाडा, विजेची पेटी घ्या. पेटी म्हणजे चांगलं उंच कपाट होतं. तळाला तापणारी कॉइल, कॉइलवर लाकडाच्या ढलप्यांची थाळी, तिच्यावर पाण्याचं भांडं, मग एकावर एक चार जाळ्या, आणि माथ्यावर धूर जायची झडप. बाहेर एक आकडा दिसायचा. ठरवलेल्या आकड्याला आतली हवा पोचली की कॉइल आपोआप बंद, हवा निवली की चालू. ही अक्कल पेटीला यायची ती एका काडीवरून. काडी म्हणजे पेन्सिलीच्या टोकाएवढी धातूची नळी आणि तिला लांब वायर. कारखान्यातून आलेली काडी पाठीच्या पत्र्याला चिकटलेली होती. ती पावसाळा संपता संपता बिघडली, तेव्हा वायरमनने नवी आणली आणि विचारलं, कुठे लावू?

नाकशेठनी क्षणभरही विचार केला नाही. वर बोट दाखवलं. झडपेच्या तोंडाशी.

वायरमनने मान खाजवली, आत जाळ्यांजवळ लावतात म्हणे, असं काहीतरी पुटपुटला. त्यावर त्याला ऐकावं लागलं की धुरीच्या धंद्यात तू किती वर्षं आहेस. वायरमन शहाणा, तो म्हणाला, "पेटी तुमची, मांस तुमचं, मी आपला वायरीचा धनी," आणि काडी झडपेशी लावून निघून गेला.

तेव्हापासून हे कच्चं निघणं सुरू झालं होतं.

वहिनी काही शिकलेल्या नव्हत्या असं नाही, पण शाळेतलं शाळेतच राहिलं होतं. तरी चार दिवस त्या पेटीकडे बघत होत्या आणि एक गोष्ट त्यांना खटकत होती. पेटी लावली की आकडा भराभर चढायचा, हां हां म्हणता ठरलेल्या जागी पोचायचा, आणि कॉइल बंद पडायची. त्याच वेळी दार उघडून खालच्या जाळीवरच्या तुकड्याला हात लावला तर तो फ्रीजमधून काढल्यासारखा गार. म्हणजे तापलेली हवा पाठीच्या पत्र्याला धरून सरळ वर जात होती, काडीला भेटत होती आणि झडपेतून बाहेर पडत होती. वाटेत मांस होतं, त्याची कोणी विचारपूस करत नव्हतं.

त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. एकदा जेवताना, एकदा जाळ्या घासताना. पहिल्यांदा त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा म्हणाला की धुराचं सगळं गुपित धुराड्यात असतं, आजवर तिथूनच कळत आलंय, आता काय नवीन झालं? मग वेळ वाढवू या, म्हणाला. वेळ वाढवली. मांस बाहेरून चामड्यासारखं झालं आणि हाडाजवळ होतं तसंच राहिलं. पूर्वी असं झालं असतं तर हा माणूस स्वतःच स्वतःवर खवळला असता, दोन दिवस कोणाशी बोलला नसता. आता तो नुसता बसून राहायचा. वहिनींना वाटलं, वय झालं. आपलंही झालंच की. दोघांनाही थकायची सोय नव्हती, म्हणून एकाने चिडणं सोडलं होतं आणि दुसरीने बोलणं.

गुरुवारी नाकशेठ ढलप्या आणायला लाकडाच्या वखारीत गेले. वहिनींनी पेटी भरली, दार लावायच्या आधी झडपेजवळची पत्र्याची पकड सोडवली आणि काडी खाली ओढली. मधल्या जाळीवर सगळ्यात मोठा तुकडा होता. त्यांनी काडी त्याच्या कुशीत खुपसली, अगदी चिकटवून. मांसाला काय वाटतंय ते मांसालाच विचारावं, एवढा साधा हिशोब. वायर दाराच्या फटीतून नीट बसवली, पेटी चालू केली, आणि पुढे गिऱ्हाईक आलं म्हणून हात पुसत गेल्या.

गिऱ्हाईक बोलकं निघालं. सुनेचं सगळं सांगून झालं, मग जावयाचं सुरू झालं. वहिनी हो हो करत होत्या आणि काउंटरखाली एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होत्या. मागचं दार वाजलं, म्हणजे हे आले. ढलप्यांचं पोतं जमिनीवर टाकल्याचा आवाज आला, स्टूल ओढल्याचा आवाज आला. मांस बांधायची सुतळी कापायला बसले असतील.

जावई संपला, गिऱ्हाईक गेलं, आणि वहिनींनी मधलं दार उघडलं तेव्हा त्यांचा श्वासच अडकला.

करपलेल्या लाकडाचा कडू, घशाला चिरणारा वास खोलीभर कोंडला होता. पेटीच्या झडपेतून एरवी निळसर, पातळ धूर निघायचा. आता पिवळट पांढरा, जाड लोट येत होता. वहिनींच्या लगेच लक्षात आलं काय झालं ते. तुकडा थंडगार होता, काडी त्याला चिकटलेली, म्हणून काडीही थंडगार. पेटीला वाटत राहिलं की अजून तापायचं आहे, अजून तापायचं आहे, आणि कॉइल एकदाही बंद न पडता लालबुंद राहिली. मांस तापायच्या आधी कॉइलवरच्या थाळीतल्या ढलप्याच जळून कोळसा झाल्या. झडपेशी काडी लावली तर पेटी आळशी होते, मांसाला चिकटवली तर पिसाळते.

पण त्या दारातच उभ्या राहिल्या त्या यासाठी नव्हे.

नाकशेठ पेटीपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसले होते. शांतपणे सुतळीचे सारखे तुकडे करून मांडीवर रचत होते. डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. त्यांनी बाहीने ते पुसलं, वहिनींकडे पाहिलं आणि विचारलं, "कांदा चिरतेयस काय गं तू?"

वहिनींनी आधी जाऊन बटण बंद केलं. मग खिडकी उघडली, मग मागचं दार. या तीन गोष्टी करेपर्यंत त्यांना बोलावं लागलं नाही, हे बरंच झालं. धूर डोळ्यांना झोंबतो तो वेगळा आणि नाकाला कळतो तो वेगळा. डोळ्यांचं झोंबणं नाकशेठना कळलं होतं. दुसरं कळलंच नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "धूर करपलाय."

"हो, कळलं मला."

"कधी?"

सुतळीचा एक तुकडा कापून झाला. दुसरा कापून झाला.

"तू आत्ता सांगितलंस तेव्हा," ते म्हणाले.

मग वहिनी पोत्यावर बसल्या. उभं राहून ऐकण्याजोगं ते नव्हतं. नाकशेठनी फार काही सांगितलं नाही, आणि जे सांगितलं ते दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तसं. थंडीत तो ताप आला होता, त्यातून उठल्यावर वास गेला. आज येईल, उद्या येईल म्हणून वाट पाहिली. डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला येतो कधी कधी. कधी कधी नाहीही येत. मधे एकदा झोपेत कॉफीचा वास आल्यासारखं झालं, उठून बसले, तर काही नाही. वहिनी ऐकत होत्या आणि मागचे महिने त्यांच्या डोळ्यांपुढून उलटे जात होते. दूध नासलंय का हे हा माणूस पिशवी नाकाशी धरून सांगायचा, तो हल्ली पिशवीवरची तारीख वाचत होता. जेवणाला नावं ठेवायचा बंद झाला होता. वहिनी मनात म्हणाल्या होत्या, चला, म्हातारपणी तरी सुधारला. आता ते आठवून त्यांना स्वतःचाच राग आला, पण रागाला लागतं तेवढं बळ अंगात नव्हतं.

"मला सांगायचं तरी," त्या म्हणाल्या.

"काय सांगायचं? नाकशेठचं नाक गेलं? गल्लीला वर्षभर पुरला असता विनोद."

"मी काय गल्ली आहे?"

 त्यांनी पेटीकडे बघितलं, झडपेकडे, आणि वहिनींना एकदम दिसलं. एवढे दिवस त्या म्हणत होत्या की हा हट्टी आहे. हट्ट नव्हता तो. स्टुलावर चढून हा माणूस जिथे नाक न्यायचा, नेमक्या त्या जागी त्याने काडी बसवली होती. नाक गेलं, म्हणून त्याच्या जागेवर दुसरं काहीतरी नेमलं. आणि ते दुसरं तिथून हलवायचं म्हणजे ती जागाच चुकीची होती असं म्हणायचं.

"तुमची जागा चूक नव्हती," वहिनी म्हणाल्या. शब्द जुळवायला त्यांना कष्ट पडले. "वास खालून मांसाची खबर घेऊन वर येतो. म्हणून तुम्हाला वर बसून सगळं कळायचं. काडीला वास कुठे येतो? ती जिथे आहे तिथली गरमी सांगते, बास. वर लावली तर वरचं सांगणार. तिला खालीच उतरवायला हवं."

"मग खाली लावलीस ना आज. बघ काय केलंस ते."

हे त्यांचं जुनं बोलणं होतं, टोमण्याचं. बऱ्याच महिन्यांनी ऐकलं. वहिनींना बरं वाटलं.

करपलेला माल फेकावा लागला. आता हातात शुक्रवार होता. दुपारी दुकानाला जेवणाची सुट्टी असताना वहिनींनी पावाचे काप आणले आणि रिकाम्या पेटीत चारही जाळ्यांवर मांडले: पाठीच्या पत्र्याला लागून, मधोमध, दाराशी. ही युक्ती त्यांच्या आईची, नव्या भट्टीचा स्वभाव ओळखायची. मांस घालून शिकायचं तर महागात पडतं, पाव घालून शिकावं. थोड्या वेळाने दोघांनी काप काढून ओट्यावर त्याच क्रमाने लावले. पाठीकडचे काळपट. दाराकडचे जवळजवळ पांढरे. सगळ्यात खालच्या जाळीवरचे कडेने करपलेले, कारण कॉइलची आच पाण्याच्या भांड्याच्या बाजूने थेट वर येत होती. मधल्या दोन जाळ्यांचे मधले काप तेवढे सारख्या बदामी रंगाचे.

नाकशेठ वाकून बराच वेळ त्या रंगांकडे बघत राहिले. डोळे तर शाबूत होते. त्यांनी एक बदामी काप उचलला, सवयीने नाकाशी नेला, आणि मग खाऊन टाकला.

"इथे," ते म्हणाले, आणि मधल्या जाळीवर बोट ठेवलं. "मांसाच्या उंचीला, पण मांसाला शिवायचं नाही. दोन बोटं सोडून. पत्र्यापासून लांब, दारापासून लांब."

"जाळीलाही टेकायला नको," वहिनी म्हणाल्या. "लोखंड आपलीच गरमी सांगेल."

मग काडी धरणार कशी? त्यावर थोडी हुज्जत झाली. शेवटी वहिनींनी गच्चीवरच्या दोरीवरून कपड्यांचा एक लाकडी चिमटा आणला, तो जाळीला लावला आणि चिमट्याच्या तोंडात काडी दिली. काडीचं टोक हवेत लोंबत राहिलं, कशालाच न शिवता. चिमटा निळ्या रंगाचा होता. एवढ्या यंत्रात तो एकटाच घरचा वाटत होता.

शनिवारचा माल त्यांनी पहाटे लावला. आकडा या वेळी रमतगमत चढला, पोचला, थोडा खाली आला, पुन्हा चढला. धूर पातळ होता. नाकशेठ दोनदा स्टुलावर चढले आणि दोनदा तसेच खाली उतरले. तिसऱ्या वेळी ते चढले नाहीत. वहिनींना म्हणाले, "तू चढ."

वहिनींच्या गुडघ्यांनी नको म्हटलं, पण त्या चढल्या. झडपेशी नाक नेलं. धूर आला, त्यामागे गरम चरबी, आणि त्याच्याही मागे काहीतरी गोडसर. त्या ते एकेक करून खाली सांगत गेल्या, आणि नवरा डोळे मिटून ऐकत राहिला. "आंबूस काही आहे का त्यात? ओल्या लोकरीसारखं?" "आहे थोडं." "मग अजून पाणी सुटतंय. थांब." बऱ्याच वेळाने पुन्हा चढल्या तेव्हा ते ओलं निघून गेलं होतं. त्या वास हुंगत होत्या आणि तो त्याचा अर्थ लावत होता.

कँटीनबाई ठरल्या वेळी आल्या, अंगावर कामाचा ॲप्रन तसाच. सोबत त्यांनी आपली टोचायची सुई आणली होती, मांसाच्या आतली गरमी बघायची. नाकशेठना असल्या सुयांचा तिटकारा होता, भोकातून रस जातो म्हणून. आज ते काही बोलले नाहीत. बाईंनी ओट्यावरच्या मोठ्या तुकड्याकडे बघितलं, तोंडावर जुनं हसू आणायचा प्रयत्न केला, आणि सवयीने विचारलं, "काय शेठ, नाक काय म्हणतंय?"

वहिनी हातातल्या फडक्याला पीळ देत उभ्या होत्या. झालंय, एवढं म्हणायचं होतं. मांस झालेलं होतंच, वहिनींनी स्वतः हुंगलं होतं. खोटंही झालं नसतं ते.

"नाक गेलंय, बाई," नाकशेठ म्हणाले. "थंडीपासून नाही. हिला विचारा."

बाईंनी एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं. 

"झालंय," वहिनी म्हणाल्या. "धूर एक बोट जास्त लागलाय, पुढच्या वेळी ढलप्या कमी घालीन. पण आतून झालंय."

बाईंनी सुई उचलली. ती हाडाकडे रोखलेली पाहून नाकशेठ चटकन पुढे झाले. "हाडाला टेकवू नका. हाड भलताच आकडा सांगतं. हाडाजवळ, पण मांसात." त्यांनी स्वतः जागा दाखवली. सुई शिरली, आकडा वर गेला, हवा तिथे थांबला. तरी बाईंचं समाधान झालं नाही; त्यांनी सुरी घेऊन तुकडा हाडापर्यंत उभा चिरला आणि दोन्ही बाजू उजेडाकडे वळवल्या. रस निघाला तो पाण्यासारखा स्वच्छ.

"म्हणजे ते आधीचे दोन खोके," बाई सुरी पुसत म्हणाल्या, "त्या वेळीही तुम्ही मला झालंय म्हणालात."

"म्हणालो."

"कळत नसताना."

"हो."

"आधी सांगितलं असतं तर?"

"तर तुम्ही माल घेतला असता?"

बाई प्रामाणिक होत्या. "नसता घेतला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी थोडा वेळ पेटीकडे, निळ्या चिमट्याकडे आणि वहिनींच्या सुजलेल्या पावलांकडे बघितलं. माल भरा, म्हणाल्या. पण यापुढे दर खेपेला आपण सुई लावणार, आणि विचारणार ते वहिनींना. सुई त्यांनी ओट्यावरच ठेवली, तुमच्याकडे असू दे म्हणाल्या, आणि टेम्पोकडे गेल्या.

नाकशेठ खोका उचलायला गेले, तेवढ्यात वहिनी पोत्यावर टेकल्या. काम राहिलं होतं, दुकान राहिलं होतं, आणि आजपासून त्यांच्या अंगावर आणखी एक काम पडलं होतं, जे दुसरं कोणी करू शकत नव्हतं. पाय, पोटऱ्या, कंबर, आणि आता नाक. आनंद व्हायला हवा होता, तो झालाही असेल. थकव्याच्या खाली कुठेतरी दिसत नव्हता एवढंच.

परत आल्यावर नाकशेठनी पेटीतल्या जाळ्या एकेक करून काढल्या, मोरीत नेल्या आणि घासायला बसले. आजवर हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि ते दिसत होतं. पाणी सगळीकडे उडत होतं. वहिनींनी सांगितलं नाही की आधी भिजत घालावं लागतं. मधली जाळी घासायच्या आधी नाकशेठनी चिमटा काढून जपून कोरड्या जागी ठेवला.

"आता कसला वास येतोय?" मोरीतून त्यांनी विचारलं.

वहिनींनी डोळे मिटले. धूर केव्हाच ओसरला होता.

"साबणाचा," त्या म्हणाल्या. "आणि ओल्या तारेच्या घासणीचा."

"बरा आहे?"

"ठीक आहे," वहिनी म्हणाल्या, आणि पाय लांब केले.